गांजाच्या दुकानातली पत्ती आणि के-वनचा कागद

वाचकांचे प्रश्न, एप्रिल २०२५

एप्रिलच्या अंकासाठी येणारे प्रश्न दरवर्षी ठरलेले असतात. भारतातल्या एफडीचं व्याज इथल्या अमेरिकन रिटर्नमध्ये दाखवायचं का, पुण्याचा फ्लॅट विकला तर कर कुठे भरायचा. यंदा मात्र बरीच पत्रं एकाच विषयावरची निघाली, आणि तो विषय आहे गांजा. परवान्याचा, काचेच्या कपाटात मांडलेला, पावतीसकट विकला जाणारा. म्हणून या महिन्यात तेवढंच. एफडीवाल्यांनी रागावू नये, तुमचं उत्तर ‘हो, दाखवायचं’ एवढंच आहे.

प्रश्न: ताई, नमस्कार. मी मध्य न्यू जर्सीत राहतो, आयटीत आहे, तीन वर्षांपूर्वी ग्रीन कार्ड मिळालं. एका जुन्या मित्राने काही जणांबरोबर गांजाची परवानाधारक डिस्पेन्सरी काढली. एलएलसी (मर्यादित जबाबदारीची भागीदारी कंपनी) आहे, त्यात माझी १० टक्के पत्ती. मला आजवर एक डॉलरही मिळालेला नाही. मात्र मार्चमध्ये के-वन (पत्तीदाराच्या वाट्याचं उत्पन्न दाखवणारा कराचा कागद) आला, त्यावर माझं उत्पन्न ४० हजार डॉलर दाखवलंय. मित्र म्हणतो, ‘दुकान जोरात आहे याचाच हा पुरावा.’ त्यांच्या सीपीएची (इथल्या सीएची) चूक झालीय का? आणि दोन कंपन्या करून हा कर वाचवता येतो असं मित्राला कोणीतरी सांगितलंय, ते खरं का?

उत्तर: तुम्ही के-वनबरोबर दुकानाचा जमाखर्च पाठवलात हे उत्तम केलंत. नाहीतर मीही सीपीएवरच संशय घेतला असता. त्याची चूक नाही.

तुमच्या दुकानाची वर्षाची विक्री साधारण १० लाख डॉलर. मालाची खरेदी ६ लाख. भाडं, पगार, विमा, पहारेकरी, कॅमेरे, जाहिरात, वीज असा बाकी खर्च ३ लाख. कुठल्याही किराणा दुकानदाराला विचारा, तो सांगेल नफा १ लाख. आयआरएस (इथलं आयकर खातं) म्हणते नफा ४ लाख. कारण टॅक्स कोडचं कलम २८०ई. फेडरल (केंद्र सरकारच्या) यादीतल्या पहिल्या किंवा दुसऱ्या परिशिष्टातल्या अमली पदार्थाचा व्यापार करणाऱ्याला धंद्याच्या खर्चाची कुठलीही वजावट नाही आणि कुठलंही क्रेडिट नाही. मालाची खरेदी तेवढी सुटते, कारण ती वजावट धरली जात नाही. विक्रीतून ती आधीच वजा होते आणि मगच ढोबळ उत्पन्न निघतं. तिला हात लावला तर कायदा राज्यघटनेच्या कसोटीवर अडकेल, ही धास्ती काँग्रेसला, म्हणजे इथल्या संसदेला, होती.

म्हणजे तुमच्या १० टक्क्यांच्या वाट्याला खरा नफा १० हजार आणि कागदावरचा ४० हजार. के-वनचा पहिला रकाना बघा, तिथे ४० हजार आहे. मग १८ क्रमांकाच्या रकान्यात ‘सी’ अक्षरापुढे बघा, तिथे ३० हजार सापडतील. तेच तुमच्या वाट्याचे न मिळालेले खर्च. तुमचा फेडरल दर २४ टक्के धरला तर कर ९,६०० डॉलर. खऱ्या नफ्यातले उरले ४००, आणि तेही तुमच्या हातात नाहीत, दुकानाच्या तिजोरीत आहेत. शिवाय ते ३० हजार पत्तीच्या किमतीतूनही वजा होतात, त्यामुळे पुढे पत्ती विकताना आज भरलेल्या कराचा फायदा मिळेल ही आशाही ठेवू नका. खर्च ३ लाखांऐवजी ४ लाख असता, तर दुकानाला नफा शून्य आणि तुमचा कर तेवढाच!

हे कलम आलं कुठून? मिनियापोलिसमध्ये अॅम्फेटामाइन, कोकेन आणि गांजा विकणाऱ्या एकाने रीतसर हिशोब मांडला. तराजू, फोन, गाडी, विमानाचं तिकीट, धंद्यासाठी वापरलेल्या घराच्या भाड्याचा काही भाग. १९८१ मध्ये टॅक्स कोर्टाने त्याला त्यातल्या बऱ्याचशा वजावटी दिल्या. कोर्टाचं तेव्हाच्या कायद्यानुसार बरोबरच होतं. पण काँग्रेसला ते झोंबलं आणि पुढच्याच वर्षी, १९८२ मध्ये, २८०ई आलं. तेव्हा कुठल्याच राज्यात परवान्याचं गांजाचं दुकान नव्हतं. कॅलिफोर्नियाने औषधी गांजाला मान्यता दिली १९९६ मध्ये, कोलोरॅडो आणि वॉशिंग्टनच्या मतदारांनी मौजेच्या वापराला २०१२ मध्ये, आणि आपल्या न्यू जर्सीत सर्वसामान्य ग्राहकाला विक्री सुरू झाली २१ एप्रिल २०२२ ला. गल्लीतल्या चोरट्या विक्रेत्यासाठी बेतलेलं कलम आता पगारपत्रक ठेवणाऱ्या, सेल्स टॅक्स भरणाऱ्या दुकानदाराला लागतंय. चोरटा विक्रेता मुळात रिटर्नच भरत नाही. माझ्या मते हा कायदा वाईट आहे. पण माझं मत तुमच्या रिटर्नवर लिहायला रकाना नाही.

आता दोन कंपन्यांचं. ही युक्ती जुनी आहे आणि एकदा चाललीही होती. सॅन फ्रान्सिस्कोच्या एका संस्थेत जवळजवळ निम्मे सभासद एड्सचे रुग्ण होते. तिथे समुपदेशन, जेवण, योगाचे वर्ग असं खरोखरीचं मोठं काम चाले आणि गांजा हा त्याचा एक भाग होता. २००७ मध्ये टॅक्स कोर्टाने तिचे दोन व्यवसाय मानले आणि सेवाकार्याच्या खर्चाची वजावट दिली. मग काय, सगळ्यांनीच योगा सुरू केला. त्याच शहरातल्या ‘व्हेपर रूम’मध्ये चहा, बुद्धिबळाचे पट, योगाचे वर्ग सगळं फुकट असे, पैसे घेतले जात ते फक्त गांजाचे. २०१२ मध्ये टॅक्स कोर्ट म्हणालं, हा एकच धंदा आहे. २०१५ मध्ये अपील कोर्टानेही तेच उचलून धरलं. ओकलंडचं ‘हार्बरसाइड’ तर देशातल्या मोठ्या दुकानांपैकी. ते २०१८ मध्ये हरलं आणि २०२१ मध्ये अपिलातही हरलं. आणि तुमच्या मित्राला सुचवलेला नेमका प्रकार, म्हणजे नोकरमाणसं आणि भाडं एका वेगळ्या ‘मॅनेजमेंट’ कंपनीत टाकायचं, तोही २०१८ मध्येच मोडीत निघाला. त्या दुसऱ्या कंपनीलाही २८०ई लागलं, आणि एकाच खर्चाची वजावट दोन ठिकाणी बुडाली.

जे करता येतं ते असं. मालाच्या किमतीत कायद्याने बसणारा प्रत्येक खर्च सीपीएने धरलाय का ते विचारा. दुकानदाराला मालाचं बिल आणि तो आणण्याची वाहतूक एवढं धरता येतं, शेती करणाऱ्याला बरंच जास्त. म्हणून माळ्याची मजुरी सुटते आणि काउंटरवरच्या बडटेंडरचा पगार सुटत नाही. दुसरं, एलएलसीच्या करारात पत्तीदारांना कर भरण्यापुरते पैसे वाटण्याची अट आहे का बघा. नसेल तर मित्राशी मैत्रीत नव्हे, वकिलासमोर बोला. तिसरं, त्यांनी कॉर्पोरेशन म्हणून कर भरायचं ठरवलं तर २१ टक्क्यांचा भार कंपनीवर राहतो, तुमच्या डोक्यावर येत नाही. या धंद्यातले बरेच जण त्याच वाटेने गेलेत. राज्याच्या करापुरतं तुम्ही सुटलात, न्यू जर्सीने २०२३ मध्ये परवानाधारकांसाठी हे कलम बाजूला ठेवलंय. फेडरल रिटर्नवर मात्र के-वनवरचा आकडा आहे तसाच टाका.

‘लवकरच गांजा तिसऱ्या परिशिष्टात जाणार, मग सगळं परत मिळेल’ असं मित्र म्हणतो तेही ऐका. तिसऱ्या परिशिष्टाला २८०ई लागत नाही हे खरं. मे २०२४ मध्ये न्याय खात्याने तसा प्रस्तावही प्रसिद्ध केला. पण जानेवारी २०२५ ची सुनावणी पुढे ढकलली गेली आणि एप्रिल २०२५ मध्ये मी हे लिहितेय तोवर गांजा पहिल्याच परिशिष्टात आहे, हेरॉइनच्या पंगतीत. जून २०२४ मध्ये आयआरएसने स्पष्ट सांगितलं की नियम पक्का होईपर्यंत परताव्यासाठी जुनी रिटर्न दुरुस्त करून पाठवू नका.

तुमच्या पत्राच्या शेवटी एक ओळ होती, ‘दोन वर्षांनी सिटिझनशिपचा अर्ज करणार आहे.’ मला खरी काळजी त्या ओळीची वाटली. एप्रिल २०१९ मध्ये यूएससीआयएसने (नागरिकत्व आणि इमिग्रेशन खात्याने) जाहीर केलं की राज्यात कायदेशीर असला तरी गांजाच्या धंद्यातला सहभाग हा फेडरल कायद्याचा भंग आहे, आणि त्यावरून ‘सद्वर्तन’ नाकारता येतं. अटक लागत नाही, शिक्षा लागत नाही. सिटिझनशिपसाठी साधारण मागची पाच वर्षं तपासली जातात. तुमच्या रिटर्नच्या शेड्यूल ई वर त्या एलएलसीचं नाव तुम्ही स्वतः लिहिणार आहात आणि ते रिटर्न अधिकाऱ्याच्या टेबलावर असू शकतं. लपवणं हा उपाय नाही, तो वेगळा गुन्हा. १५ एप्रिलच्या आधी कर भरा आणि त्याच आठवड्यात इमिग्रेशन वकिलाची वेळ घ्या. पत्ती सोडायची तरी ती कशी आणि कधी, हे त्यांच्या सल्ल्यानेच. मालकीतला बदल राज्याच्या गांजा नियामक आयोगापुढेही जातो.

प्रश्न: काकू, माझं बीकॉम सोलापूरचं. इथे एच-फोरवर (नवऱ्याच्या व्हिसावर अवलंबून असलेल्या व्हिसावर) आले, सात वर्षं घरी होते, आता वर्क परमिट मिळालंय. नवऱ्याचं आय-१४० (ग्रीन कार्डसाठी कंपनीने केलेला अर्ज) मंजूर आहे, आम्ही ग्रीन कार्डच्या रांगेत. एका डिस्पेन्सरीत अकाउंट्सची नोकरी मिळतेय. घराजवळ आहे, पगार चांगला, लोक चांगले. मी गांजाला हातही लावणार नाही, फक्त एक्सेल. घेऊ का?

उत्तर: काकू म्हणतेस तर काकूसारखंच सांगते. घेऊ नकोस.

सात वर्षं घरी बसल्यावर हाती आलेली पहिली नोकरी नाकारायला सांगणं मला जड जातंय. अकाउंट्सचं काम म्हणून ते उत्तमच आहे. बँका या दुकानांना बिचकतात, कारण २०१४ पासून अशा खात्यावर बँकेला फिनसेनकडे (अर्थखात्याच्या आर्थिक गुन्ह्यांवर नजर ठेवणाऱ्या विभागाकडे) वेगळे अहवाल सतत पाठवावे लागतात. बऱ्याच बँका म्हणतात, नकोच ते. व्हिसा-मास्टरकार्ड क्रेडिट कार्ड चालत नाहीत. त्यामुळे रोकड प्रचंड, आणि तिचा पैसा न् पैसा जुळवणारी व्यक्ती सोन्याच्या मोलाची. कायद्याची गंमत अशी की तुझ्या पगारावर तू कर भरशील आणि वजावट नसल्यामुळे त्याच पगाराएवढ्या रकमेवर मालकही भरेल.

पण ‘हात लावणार नाही’ हे इमिग्रेशनच्या कायद्यात पुरत नाही. अमली पदार्थाच्या व्यापारात ‘मदत करणारा’ असा नुसता वाजवी संशय अधिकाऱ्याला आला तरी ग्रीन कार्ड नाकारता येतं. राज्याचा परवाना तिथे बचाव ठरत नाही आणि या कारणाला माफीची वाट जवळजवळ नाहीच. त्याच कलमाचा पुढचा भाग नवराबायको आणि मुलांबद्दल आहे. अशा व्यापाराचा आर्थिक लाभ मागच्या पाच वर्षांत जाणूनबुजून घेतला असेल तर त्यांनाही ते लागू शकतं. म्हणजे एका नोकरीत दोघांची रांगेतली जागा पणाला लागते. प्रत्येकाच्या बाबतीत असंच होईल असं मी म्हणत नाही. मी टॅक्सवाली आहे, इमिग्रेशनची वकील नाही, तेव्हा वकिलाला जरूर विचार. पण वकिलाकडे जाण्यासाठी आधी तिथे रुजू होण्याची गरज नाही.

तुझा बायोडेटा मला पाठव. टॅक्स सीझनमध्ये एक्सेल जाणणारी माणसं कुणाला नको असतात?

प्रश्न: माझ्या स्ट्रिप मॉलमधला गाळा डिस्पेन्सरीवाले दीडपट भाड्याने मागताहेत. मी सिटिझन आहे, त्यामुळे वरची भानगड मला नाही. भाडं घेण्यात काय अडचण? (एक वाचक, पेनसिल्व्हेनियाच्या सीमेजवळ)

उत्तर: इमिग्रेशनची भानगड तुम्हाला नाही, बरोबर. २८०ई सुद्धा सहसा दुकानदारापाशी थांबतं, भाडेकरूकडून नुसतं भाडं घेणाऱ्याकडे येत नाही. पण सगळं माहीत असताना अमली पदार्थांच्या व्यापारासाठी जागा देणं हा फेडरल कायद्याने स्वतंत्र गुन्हा आहे आणि मालमत्ता जप्तीचा अधिकारही त्यांच्याकडे आहे. तो हल्ली क्वचित वापरतात. त्या ‘क्वचित’चं दीडपट भाडं तुम्हाला मिळतंय.

त्याहून जवळचा धोका तुमच्या कर्जाच्या कागदात आहे. ‘जागेचा वापर फेडरल कायद्याला धरून असेल’ असं कलम बहुतेक मॉर्टगेजमध्ये असतं, आणि ते मोडलं तर बँक सगळी रक्कम एकदम मागू शकते. एसबीएचं (सरकारी लघुउद्योग संस्थेचं) कर्ज असेल तर विचारच सोडा. कोलोरॅडोतल्या एका गोदाममालकाने काही भाग गांजा पिकवणाऱ्यांना दिला होता. तो अडचणीत आला आणि दिवाळखोरीच्या कोर्टात गेला, तेव्हा २०१२ मध्ये कोर्टाने सांगितलं की फेडरल गुन्ह्यातून भाडं कमावणाऱ्याने फेडरल कोर्टाकडे संरक्षण मागू नये. गाळ्यावर कर्ज नसेल आणि झोप चांगली लागत असेल तर द्या.

प्रश्न: सासूबाई नाशिकहून आल्यात. इथल्या दुकानातल्या गमीने (गांजाच्या चघळायच्या गोळीने) त्यांचे गुडघे शांत असतात. परत जाताना दोन डब्या नेल्या तर? भांग तर भारतात चालतेच ना?

उत्तर: नाही. विमानतळ आणि विमान फेडरल हद्दीत, आणि मुंबईत कस्टम्स. भारताच्या १९८५ च्या अमली पदार्थ कायद्यात पानं आणि बिया गांजाच्या व्याख्येतून वगळल्या आहेत, म्हणून उत्तरेत परवान्याची भांगेची दुकानं दिसतात. गमीत असतं टीएचसी, म्हणजे गांजातलं नशा आणणारं द्रव्य, आणि ते त्याच कायद्याच्या परिशिष्टात नाव घेऊन नोंदलेलं आहे. आणखी एक. पुढच्या वेळी इमिग्रेशनच्या खिडकीवर कुणी विचारलं तर सासूबाई कौतुकाने सांगून टाकतील, आणि नुसत्या कबुलीवरही व्हिसावरच्या माणसाला परत पाठवता येतं. त्यांच्या डॉक्टरांकडून गुडघ्यांसाठी दुसरं काही लिहून घ्या.

प्रश्न: मी पुण्यात सीए आहे. मुलगा कोलोरॅडोत असल्यामुळे हा विषय कानावर येतो. जो धंदा फेडरल सरकार गुन्हा मानतं त्याच्यावर तेच सरकार कर कसा घेतं, आणि सर्वोच्च न्यायालय हे खपवून कसं घेतं? आपल्याकडे असं काही झालंय का?

उत्तर: तुमचा प्रश्न मी मुद्दाम शेवटी ठेवला, कारण यात कुणाचं नुकसान होणार नाही आणि मला मनसोक्त लिहिता येईल.

बेकायदा उत्पन्नावर कर असतोच. कुप्रसिद्ध गुंड अल कपोन १९३१ मध्ये दोषी ठरला तो करचुकवेगिरीसाठी. पण कर असतो तो नफ्यावर, हे तत्त्वही इथलंच. १९५८ मध्ये शिकागोच्या बेकायदा जुगारअड्ड्याच्या मालकांना भाडं आणि पगाराची वजावट सर्वोच्च न्यायालयाने दिली होती. आजही अड्ड्याचं भाडं सुटेल आणि परवान्याच्या डिस्पेन्सरीचं सुटणार नाही.

सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये, सहा विरुद्ध तीन मतांनी, ठरवलं की स्वतःच्या औषधासाठी परसात लावलेल्या गांजावरही फेडरल बंदी चालते. मग २०१३ मध्ये न्याय खात्याने आपल्या वकिलांना लिहिलं की राज्याच्या नियमांत राहणाऱ्यांच्या मागे लागू नका. २०१८ च्या जानेवारीत ते पत्र मागे घेतलं गेलं. औषधी गांजावरच्या खटल्यांसाठी न्याय खात्याला पैसा द्यायचा नाही ही अट काँग्रेस २०१४ पासून अंदाजपत्रकात घालत आली, पण ती अट न्याय खात्याला आहे, आयआरएसला नाही. आई जेवू घालीना आणि बाप भीक मागू देईना, अशी या दुकानांची गत. २०२१ मध्ये कोलोरॅडोच्याच एका दुकानाचा २८०ई चा वाद सर्वोच्च न्यायालयाने ऐकायला नकार दिला. तेव्हा न्यायमूर्ती क्लॅरेन्स थॉमस यांनी वेगळं टिपण जोडून या धोरणाला अर्धवट आत, अर्धवट बाहेर म्हटलं. २००५ च्या खटल्यातही ते विरोधी मताचेच होते. कट्टर परंपरावादी न्यायाधीशाने गांजावाल्यांची कड घ्यावी याचं अनेकांना आश्चर्य वाटलं. मला नाही वाटलं. त्यांना गांजाचं प्रेम नाही, राज्यांच्या अधिकारांचं आहे.

आता आपल्याकडचं, जे तुम्हाला माझ्याहून जास्त ठाऊक असणार. आयकर कायद्याच्या कलम ३७ ला १९९८ मध्ये स्पष्टीकरण जोडलं आणि ते १९६२ पासून लागू धरलं. गुन्ह्यासाठी केलेला खर्च हा धंद्याचा खर्च नाही. वाचायला हे २८०ई चं भावंडच. पण मध्य प्रदेशातल्या एका डॉक्टरकडे हेरॉइन पकडलं गेलं. आयकर खात्याने ते उत्पन्नात धरलं. डॉक्टर म्हणाले, माल जप्त झाला, मग तोटा धरा. उच्च न्यायालयाने नकार दिला. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालय म्हणालं की हे कृत्य अत्यंत अनैतिक आहे, पण निकाल कायद्याने द्यायचा, स्वतःच्या नीतिमत्तेने नाही. जप्त झालेलं हेरॉइन हा व्यापारातला माल होता, त्याचा तोटा हा ‘खर्च’ नव्हे, म्हणून ते स्पष्टीकरण लागत नाही. तोटा मंजूर. पुढे २०२३ मध्ये चांदीच्या तस्करीच्या प्रकरणात त्याच न्यायालयाने जप्त मालाचा तोटा नाकारला. त्यातलं एक कारण असं की तो माणूस चांदीचा व्यापारी होता, तस्करी हा त्याचा धंदा नव्हता.

म्हणजे आपल्याकडे वजावट हवी तर पूर्णवेळ तस्कर असावं लागतं. तुमच्या मुलाच्या कोलोरॅडोत तसं असूनही मिळत नाही. तुमच्याकडे २०२३ च्या निकालानंतर न्यायाधिकरणांनी हेरॉइनचा निकाल कसा लावलाय ते पाहण्यात असेल तर जरूर कळवा. मेच्या अंकात एफडीच्या व्याजाशेजारी छापू.